पंचनाम्यात न आलेला गठ्ठा

त्या प्रकरणाची आठवण काढावी लागत नाही. त्यातला एक पुरावा गेल्या महिन्यापर्यंत माझ्याच घरात होता, लोखंडी ट्रंकेत, जुन्या युनिफॉर्मच्या खाली. गुन्ह्याचा पुरावा तपास करणाऱ्याच्या घरी असणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला पुढचं बरंचसं न सांगताही कळेल. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितो.

माझी बहुतेक नोकरी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गेली. निवृत्तीनंतर चार ठिकाणी सत्कार झाले, शाळा-कॉलेजात भाषणं झाली. दरोड्याचा माग कसा काढला, पळालेला आरोपी देगलूरच्या बाजारात कसा सापडला, अशा गोष्टी मी रंगवून सांगितल्या. ही गोष्ट कुठंच सांगितली नाही. इथंही कुणाचं नाव घेणार नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

वीसेक वर्षं झाली. राज्यात तेव्हा बनावट मुद्रांकांचा गाजावाजा होता. वर्तमानपत्रं रोज काहीतरी छापत होती, आणि वरिष्ठांकडून प्रत्येक ठाण्याला तोंडी सूचना होती की तिकीट, मुद्रांक, सरकारी शिक्का यांबद्दल काही कानावर आलं तर सोडू नका. मी नांदेडच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. बढती दोन वर्षं अडकलेली होती. हेही लिहून ठेवतो, कारण त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

सकाळची हजेरी झाली होती. ठाणे अंमलदार बदलत होते, स्टेशन डायरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात होती. तेवढ्यात कोर्टासमोर रबरी शिक्के करून देणारा एक माणूस आत आला. तो आमचा जुना खबऱ्या.

"साहेब, एक खबर हाय. पण माझं नाव नगं."

"तुझं नाव कोण विचारतंय? बोल."

"जुन्या गल्लीतले छापखानेवाले चाचा टपालाची तिकिटं छापून राहिले. रंगीत. वरून दाते पाडून राहिले, अस्सल तिकिटावानी."

"तू पाहिलंस?"

"ह्या डोळ्यांनी. शाई मागाया गेलतो. तावच्या ताव पडलेत तिथं."

माझे रायटर हवालदार बिलोलीकडचे, तोंडाने फटकळ. ते लिहिता लिहिता म्हणाले, "तुझं अन् चाचाचं लई दिवसांचं वाकडं हाय ना रे?"

"वाकडं असंल न्हाईतर सरळ. तिकिटं हायत का न्हाई तेवढं बघा की!"

खबऱ्याचा हेतू बघायचा नाही, खबर बघायची, असं आम्हाला शिकवलेलं होतं. आता वाटतं, दोन्ही बघायला हवं होतं. पण तो खोटं बोलत नव्हता. तिकिटं होती.

दोन पंच घेतले, एक चहावाला आणि एक सायकल दुरुस्तीवाला. दुपारी आम्ही गल्लीत शिरलो. छापखाना म्हणजे एक लांबट खोली. पुढे लहानसं ऑफसेट मशीन, मागे शाळेची प्रगतिपुस्तकं, पावती पुस्तकं, लग्नपत्रिकांचे नमुने. लग्नसराईत हिंदू-मुसलमान दोघांच्याही पत्रिका इथंच छापल्या जात. कोपऱ्यात पायाने चालणारं भोकं पाडायचं यंत्र होतं. पावती फाडताना ती सरळ फाटावी म्हणून कागदावर बारीक भोकांची ओळ असते, ती पाडणारं. नांदेडात तेव्हा असं चांगलं यंत्र मोजक्याच ठिकाणी होतं.

चाचा साठीचे असतील. जाड चष्मा, नखांत शाई. युनिफॉर्म बघून उठले आणि हसून म्हणाले, "या साहेब, बसा. कुणाचं लग्न काढलं?"

"लग्न नाही. तुमच्याकडं टपाल तिकिटं छापतात म्हणे."

"हाव," ते म्हणाले. इतक्या सहज, की मीच चपापलो. "शाळेचं काम हाय. दाखवू?"

त्यांनी स्वतःच गठ्ठा काढून दिला. प्रत्येक तावावर सोळा चित्रं. देशातल्या थोर माणसांचे चेहरे, संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यासाठी लढलेले. खऱ्या तिकिटांवरून घेतलेली चित्रं, तोच आकार, तोच रंग, किंमतीचा आकडासुद्धा तसाच, आणि चारही बाजूंनी भोकांची ओळ. हातात घेतल्यावर पोस्टाच्या खिडकीतूनच घेतलाय असं वाटावं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. चहावाला पुटपुटला, "अरे बाप रे."

फळीवर दुसरा एक गठ्ठा होता, तपकिरी कागदात बांधलेला. हवालदारांनी दोरी सोडून वरचा ताव उचलला. त्यावर पक्षी होते आणि जुनी वाफेची इंजिनं. प्रत्येक चित्रावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जाड काळी तिरपी रेघ.

"ही रद्दी हाय साहेब. छपाई बिघडलीय, समद्यांवर रेघा पडल्यात."

"साहेब, ते बिघडलेलं न्हाई, ते..." चाचा म्हणायला लागले.

"तुम्ही नंतर बोला," मी म्हणालो.

पंचनाम्यात एकच गठ्ठा आला, चेहऱ्यांचा. यंत्रं सील झाली. दुसरा गठ्ठा फळीवर तसाच राहिला. त्या दुपारी माझ्याकडून झाली ती निव्वळ चूक होती. घाई, उकाडा आणि मनात आधीच ठरलेला निष्कर्ष. तेवढंच असतं तर मी हा कागद घेऊन बसलो नसतो.

मोठ्या साहेबांनी, म्हणजे आमच्या पोलीस निरीक्षकांनी, सरकारतर्फे फिर्याद घ्यायला लावली. कलम लागलं सरकारी मुद्रांक बनावट तयार करण्याचं, दोनशे पंचावन्न. शिक्षा दहा वर्षं किंवा जन्मठेप. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी आली, 'बनावट तिकिटांचा कारखाना उद्ध्वस्त'. खाली फोटो. टेबलावर ताव, मागे मी, आणि माझ्या शेजारी तोंडावर रुमाल धरलेले चाचा. वरिष्ठांचा फोन आला, "शाबास." माझ्या बायकोने ते कात्रण फ्रेम करून आणलं.

चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. मी कोठडीत कुणाला मारणारा अधिकारी नव्हतो, आणि चाचांना मारायची गरजही नव्हती. ते विचारलं त्याहून जास्तच सांगत होते.

"लातूर जिल्ह्यातले एक गुरुजी हायत साहेब. मूळचे कंधारचे. तिकिटं जमा करायचा शौक. पोरांसाठी वही करायची म्हणाले. एका पानावर माहिती, वर चित्र चिटकवायचं. जयंतीला वाटायची होती. लहान पोरांच्या हातात कात्री नको, म्हणून भोकं पाडली."

"तिकिटाचं चित्र असं छापता येत नाही, एवढं कळत नाही तुम्हाला? इतकी वर्षं छापखाना चालवताय."

"कळतं ना. म्हणून तर पोस्टात विचाराया गेलतो. खिडकीवरचा बाबू म्हणाला, काळंपांढरं छापा, नाहीतर रंगीत छापलं तर वर रेघ ओढा. म्हणजे लिफाफ्यावर कुणी लावणार न्हाई. मी समद्या प्लेटांवर रेघ घेतली. पक्ष्यांवर, गाड्यांवर. तो गठ्ठा तुम्ही बघितला की."

माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं. काल हवालदारांनी रद्दी म्हणून बाजूला टाकलेला तो गठ्ठा.

"मग चेहऱ्यांवर का नाही ओढली?"

चाचांनी नखातली शाई चोळली. मग म्हणाले, "ओढली होती. पहिला ताव काढला अन् माझाच हात थांबला. साहेब, ज्यांच्या फोटोला लोक हार घालतात, त्यांच्या तोंडावर काळी रेघ? ती पण मुसलमानाच्या मशीनीवर? उद्या एखाद्याने तो कागद चौकात नेऊन दाखवला तर माझी गल्ली राहील का? तुम्हीच येताल मला धराया."

बाजूला लिहीत बसलेल्या हवालदारांचं पेन थांबलं. ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, हे तर खरंच हाय."

खरंच होतं. आमच्याच ठाण्याने वर्षभरापूर्वी एका फ्लेक्सवरून दिवसभर बंदोबस्त केला होता. फ्लेक्सचा कोपरा फाटला होता आणि फाटका भाग एका थोर पुरुषाच्या खांद्यावर आला होता, एवढंच कारण. तिथे कपाळावर काळी रेघ ओढलेले शेकडो ताव शाळेत वाटले असते तर काय झालं असतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? टपाल खात्याचा नियम एका बाजूला आणि गावाची रीत दुसऱ्या बाजूला. चाचांनी दोन्ही सांभाळायचा प्रयत्न केला होता. पक्षी आणि इंजिनांना नियम लावला, माणसांना रीत.

मी गुरुजींना लातूरहून बोलावून घेतलं. शिडशिडीत माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, हातात कापडी पिशवी. पिशवीत वहीचा कच्चा नमुना. येताच त्यांनी कोठडीकडे पाहिलं आणि हात जोडले.

"साहेब, चाचाची काही चूक न्हाई. रेघ नगं असं मीच म्हणलो. पहिला ताव त्यांनी मला दाखवला होता. मी म्हणलो, चाचा, कपाळावर भस्म शोभतं, काळी रेघ न्हाई. पोरांना काय सांगू, ही माणसं खोडलीत म्हणून?"

गजाआडून चाचा ओरडले, "गुरुजी, तुम्ही कशाला आलात? शाळा सोडून आलात का?"

"गप बसा हो चाचा. तुमच्यामुळं न्हाई, माझ्यामुळं झालंय."

अशा वेळी दोन माणसं एकमेकांवर ढकलतात, हे मी नोकरीत शेकडो वेळा पाहिलं. दोघंही स्वतःकडे ओढून घेतायत, असं क्वचितच. तपास करणाऱ्याला याहून स्पष्ट खूण कोणती हवी?

गुरुजींचा जबाब घ्यायला मी हवालदारांना सांगितलं, आणि तेवढ्यात मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. पोस्टातले एक अधिकारी समोर बसले होते. ते नियमांचं पुस्तक घेऊन आले होते, आणि त्यांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. तिकिटांविषयीच्या लिखाणात काळंपांढरं चित्र चालतं. रंगीत छापायचं तर वरून लेखी परवानगी लागते. रेघ असली म्हणजे ते चित्र तिकीट म्हणून वापरता येत नाही, पण परवानगी ही हवीच. ती यांनी घेतलेली नाही. तेव्हा गुन्हा आहे.

"कोणता?" मी विचारलं.

"दोनशे त्रेसष्ट-अ. तिकिटाची नक्कल छापणं, जवळ बाळगणं. दंड दोनशे रुपयांपर्यंत. माल आणि प्लेटा जप्त."

"आणि दोनशे पंचावन्न?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ते महसुलाच्या मुद्रांकांसाठी आहे साहेब. अन् तिथं फसवायचा इरादा लागतो. हा माणूस कुणाला फसवत होता? शाळेतल्या पोरांना?"

ते गेल्यावर मी मोठ्या साहेबांना सगळं सांगितलं. दुसरा गठ्ठा, रेघा, गुरुजी. म्हणालो, "साहेब, कलम बदलायला लागेल."

ते पेपर चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "दोनशे रुपयांच्या दंडासाठी आपण कारखाना उद्ध्वस्त केला, असं छापून आणू का उद्या?"

"पण तो गठ्ठा..."

"पंचनाम्यात आहे का?"

"नाही."

"मग तो नाही. बाकी कोर्ट बघून घेईल."

कोर्ट बघून घेईल. हे वाक्य आमच्या खात्यात फार सोयीचं आहे. प्रत्येक जण आपल्या हातातलं ओझं पुढच्याच्या हातात देतो आणि मोकळा होतो.

मी बाहेर आलो. इथून पुढचं सगळं माझं आहे, मोठ्या साहेबांवर ढकलता येणार नाही. मी हवालदारांना थांबवलं आणि गुरुजींना बाजूला घेतलं. म्हणालो, "गुरुजी, रेघ नको असं तुम्ही सांगितलं, हे जबाबात आलं तर तुम्ही दोन नंबरचे आरोपी होता. गुन्हा जन्मठेपेचा आहे. जिल्हा परिषदेची नोकरी आहे, घरी माणसं आहेत. नीट विचार करा."

ते माझ्याकडे बघत राहिले. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मग काय लिहू साहेब?"

जबाबात आलं ते एवढंच, की मी चित्रांची ऑर्डर दिली होती, ती कशी छापावी हे छापणाऱ्याने ठरवलं. गुरुजींनी सही केली आणि कोठडीकडे न बघता गेले. चाचांनी मागून हाक मारली, "गुरुजी, भाकरी खाऊन जा!" ते थांबले नाहीत.

पाच वाजता मी हवालदारांना छापखान्यात पाठवलं. पंच घेऊन, सर्वांसमक्ष, नोंद करून तो गठ्ठा आणायला हवा होता. मी मागच्या दाराने आणायला सांगितलं. त्यांनी गोणपाटात गुंडाळून आणला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"पुरवणी पंचनामा करू का साहेब?"

"राहू द्या. माझ्या कपाटात ठेवा."

त्यांनी गठ्ठा कपाटात ठेवून दिला. फटकळ माणूस, पण त्या दिवशी गप्प राहिला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःहून बिलोलीला बदली मागून घेतली.

चाचा बेचाळीस दिवस तुरुंगात होते. जामिनावर सुटले तेव्हा यंत्रांना सील होतं, ते खटला संपेपर्यंत निघणार नव्हतं. शाळांची प्रगतिपुस्तकं दुसरीकडे गेली. पत्रिका दुसरीकडे गेल्या. जाली, म्हणजे नकली, तिकीटवाला अशी त्यांची ओळख पडली. मुलीचं दहावीचं वर्ष होतं. तिने शाळेत जायचं सोडलं आणि पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा दिली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आता कळलं. मला त्या वर्षी बढती मिळाली.

खटला उभा राहायला चार वर्षं गेली. मी तोवर लातूर जिल्ह्यात बदलून गेलो होतो. कपाट रिकामं करताना तो गठ्ठा जाळायचा म्हणून बाहेर काढला. अंगणात नेला. हात धजावला नाही. ट्रंकेत घातला.

साक्षीला नांदेडला गेलो. शपथ घेतली. आरोपीच्या वकिलांनी बाकीचं सगळं विचारून झाल्यावर एक प्रश्न विचारला. "छाप्याच्या वेळी जप्त केलेल्या गठ्ठ्याशिवाय, रेघा मारलेली तिकिटांची चित्रं असलेला दुसरा गठ्ठा तिथं होता, हे खरं आहे का?"

पिंजऱ्यात चाचा उभे होते. खूप वाळले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. अपेक्षा होती. आता हा माणूस सांगेल, अशी.

मी म्हणालो, "असा कोणताही गठ्ठा मिळून आला नाही."

टायपिस्टने ते टाइप केलं. पुढचा प्रश्न आला.

दुपारी व्हरांड्यात ते माझ्यासमोर आले. मी बाजूने निघायला बघत होतो. त्यांनी सलाम केला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "साहेब, तुमच्या ध्यानात न्हाई राहिलं. होतं असं. हजार केसा बघाव्या लागतात तुम्हाला."

ते मला बाहेर पडायला वाट देत होते. मी ती वाट घेतली. "हो," म्हणालो, "होतं कधी कधी," आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

त्यानंतर दीड वर्षाने चाचा वारले. निकाल लागलाच नाही. आरोपी मयत झाल्याने खटला बंद, असा एका ओळीचा आदेश झाला. त्यांना शिक्षा झाली नाही, आणि ते निर्दोष आहेत असंही कुणी म्हटलं नाही. यंत्रं परत मिळाली तेव्हा गंजून एकसंध लोखंड झाली होती. ती किलोवर गेली. गुरुजी त्याआधीच मुदतपूर्व निवृत्ती घेऊन कंधारला परतले होते. तेही आता नाहीत.

मी निवृत्त होऊन लातूरला राहायला आलो. एका पेन्शनच्या कागदासाठी गेल्या महिन्यात ट्रंक उघडली आणि युनिफॉर्मखाली हात गेला. तपकिरी कागदाच्या कडा मोडल्या होत्या, पण आतली शाई तशीच होती. नीलकंठ पक्ष्याची निळी, इंजिनाची काळी. चाचांनी रंग चांगला वापरला होता.

त्यांची मुलगी लातुरातच असते, हे मला सात वर्षांपासून माहीत होतं. कोर्टाच्या मागच्या रस्त्यावर तिचं वह्या-पुस्तकांच्या बांधणीचं आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. पाटीवर वडिलांचं नाव आहे. मी त्या रस्त्याने जाणं टाळत असे. या वेळी गेलो. सकाळी अकरा वाजता, पिशवीत गठ्ठा घेऊन.

ती चाळिशीला टेकलेली बाई. डिंकाने माखलेली बोटं. तिने मला ओळखलं नाही. "काय करायचंय काका? बांधणी का लॅमिनेशन?"

मी माझं नाव आणि हुद्दा सांगितला. तिचा ब्रश डिंकाच्या डब्यात तसाच राहिला. मी गठ्ठा टेबलावर ठेवून दोरी सोडली.

तिने वरचा ताव उचलला. उजेडाकडे धरला. रेघेवरून बोट फिरवलं, मग भोकांच्या ओळीवरून. मी मनाशी शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या आल्या नाहीत.

"अब्बा म्हणायचे," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणायचे, दुसरा गठ्ठा होता, रेघवाला. आम्ही समदी फळी उपसून बघितली, न्हाई सापडला. वकील म्हणाले, असं काही न्हाई. अम्मी म्हणायची, बस करा आता, लोक हसतेत. शेवटी शेवटी..." ती थांबली. "शेवटी मलाही वाटाया लागलं, म्हातारा बरळतोय. एकदा मी त्यांना म्हणलं, अब्बा, नव्हता गठ्ठा, मान्य करा. त्यानंतर ते त्याच्यावर बोललेच न्हाईत."

तुरुंग, सील, गंजलेलं यंत्र, पुसलं गेलेलं नाव, या सगळ्याचा हिशोब मी मनात अनेकदा केला होता. हे माझ्या हिशोबात नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या घरात त्यांच्यावर कुणाचा विश्वास राहिला नाही, तेही मी केलं होतं.

मी म्हणालो, "बेटा, माझी चूक..."

"चूक न्हाई साहेब. चूक अब्बांची होती. परवानगी न्हाई काढली. त्यांनी कबूल केली ती." तिने ताव खाली ठेवला. "अन् तोंडी नका सांगू. तोंडी मलाही आता काही खरं वाटत न्हाई. लिहून द्या. सही करून. छापून आणा, लोकांना वाचू द्या."

"त्यांचं नाव घालून लिहितो. लोकांना कळू दे."

"नाव नका घालू," ती पटकन म्हणाली. "नाव छापलं की लोकांना पुन्हा केसच आठवंल. ज्यांना कळायचं त्यांना नावाशिवाय कळंल. पण गठ्ठ्याचं लिहा. नीट लिहा, जसं तुम्ही लोक लिहिता तसं."

मी गठ्ठा तिच्याकडेच ठेवला. निघताना तिने पावती मागितली नाही. गठ्ठा इतकी वर्षं माझ्याकडे होता, अशी चिठ्ठी मीच लिहून दिली.

नोकरीने मला माणसं ओळखायला शिकवलं असं मी भाषणांत म्हणत असे. या प्रकरणाने शिकवलेली गोष्ट त्याहून लहान आणि जड आहे. निरपराध माणसाला अडकवायला खोटा पुरावा तयार करावा लागत नाही. खरा पुरावा कपाटात ठेवला की पुरतं. आणि चुकीचं काय लिहिलं हे पुढे कधीतरी तपासता येतं, पण जे लिहिलंच नाही ते शोधायला कुणी येत नाही. चाचांचा गुन्हा खरा होता. कायद्याने त्याची किंमत दोनशे रुपये ठरवली होती. बाकीचं सगळं मी लावलं. परवा एका वकिलांसमोर हे सगळं प्रतिज्ञापत्रावर दिलं आहे. त्यातून काय होईल ते होवो. कोर्ट बघून घेईल, असं मात्र म्हणणार नाही.

तिने सांगितलं तसं, आम्ही लोक लिहितो तसं, राहिलेलं लिहून संपवतो.

पुरवणी पंचनामा. जुन्या गल्लीतील छापखाना, पूर्वेकडील फळी. तपकिरी कागदात सुती दोरीने बांधलेला एक गठ्ठा. त्यात टपाल तिकिटांच्या रंगीत चित्रांचे एकशे बारा ताव, पक्षी व रेल्वे इंजिने यांचे, प्रत्येक तावावर सोळा चित्रे. प्रत्येक चित्रावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काळी रेघ ओढलेली. एकही चित्र रेघेशिवाय नाही. सदर गठ्ठा छाप्याच्या वेळी जागेवर मिळून आला.

मिळून आला. मी पाहिला. समक्ष.